एका डॉलरचे खरेदीखत

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहराच्या शिक्षण मंडळाने २८ एप्रिल १९५३ रोजी सोळा एकर जमीन विकत घेतली. किंमत एक डॉलर. विकणारी हूकर इलेक्ट्रोकेमिकल ही शहरातली मातब्बर कंपनी होती. मंडळाला शाळेसाठी जागा हवी होती, कारण युद्धानंतर शहर झपाट्याने वाढत होते आणि मुलांना वर्ग पुरत नव्हते. खरेदीखतात एक कलम होते. कारखान्यातल्या रासायनिक टाकाऊ मालाने ही जागा पूर्णतः किंवा अंशतः भरलेली आहे याची कल्पना खरेदीदाराला दिलेली आहे. पुढे या मालामुळे कुणाला इजा झाली, कुणी दगावले किंवा कुणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर कंपनीवर दावा लावता येणार नाही, सगळी जोखीम खरेदीदाराची, असा त्याचा मथितार्थ. मंडळाने सही केली.

आज अमेरिकेत पेट्रोल पंपाची किंवा जुन्या गोदामाची जागा विकत घ्यायची तर बँक कर्ज देण्याआधी त्या जमिनीचा पर्यावरणीय तपासणी अहवाल मागते. माती आणि भूजल दूषित असण्याची शक्यता किती, आधी तिथे कोण काय करत होते, याचा शोध घेणारा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. त्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या सोळा एकरांपासूनच करावी लागते. लव्ह कॅनॉल नावाच्या या जागेत जमिनीखाली काय आहे ते कुणी लपवले नव्हते. ते चक्क खरेदीखतात लिहिलेले होते. पण ते वाचायला, विचारायला आणि पुढच्याला सांगायला कायद्याने कुणीही बांधलेले नव्हते.

या जागेला लव्ह कॅनॉल हे नाव पडले ते विल्यम लव्ह या उद्योजकामुळे. १८९० च्या दशकात त्याने नायगारा नदीच्या वरच्या आणि खालच्या पात्राला जोडणारा कालवा खोदून वीज करायची आणि त्या विजेभोवती एक आदर्श नगर वसवायचे, असा बेत आखला. त्या काळची वीज लांब वाहून नेता येत नसे, म्हणून कारखाने पाण्याजवळच यावे लागणार होते. पण १८९३ च्या मंदीने भांडवल आटले आणि १८९६ मध्ये नायगाराची वीज प्रत्यावर्ती प्रवाहाने थेट बफेलो शहरापर्यंत पोहोचली. योजनेचा पायाच निघाला. मागे उरला तो सुमारे किलोमीटरभर लांबीचा अर्धवट खड्डा. पाणी साठले, पोरे उन्हाळ्यात पोहू लागली, हिवाळ्यात बर्फावर घसरू लागली.

१९४२ पासून हूकर कंपनीने तिथे आपला टाकाऊ माल टाकायला सुरुवात केली. १९५३ पर्यंत सुमारे २१,८०० टन रसायने पिंपांतून त्या खड्ड्यात गेली. त्यांत लिंडेनसारखी कीटकनाशके होती, क्लोरोबेंझीन होते आणि ट्रायक्लोरोफिनॉलही होते. ट्रायक्लोरोफिनॉल तयार होताना डायॉक्सिन हे अत्यंत घातक विष आपोआप तयार होते. खड्ड्याभोवतीची जमीन चिकणमातीची होती, वरूनही चिकणमातीचा थर दिला होता. त्या काळाच्या मानाने ही व्यवस्था बरीच होती, असे कंपनीच्या बाजूने पुढे मांडले गेले, आणि ते अगदी खोटेही नव्हते. विक्रीआधी मंडळाच्या माणसांसमोर चाचणीची छिद्रेही पाडली गेली होती आणि काही ठिकाणी रसायने लागली होती. म्हणजे जमिनीची तपासणी झाली, दोष सापडला, आणि तरीही व्यवहार झाला.

शाळेचे काम सुरू झाल्यावर पिंपांनी भरलेले खड्डे लागले. वास्तुविशारदाने मंडळाला ते कळवले. यावर निघालेला तोडगा वाचताना आजही जीव कासावीस होतो : इमारत थोडी सरकवली. १९५५ मध्ये नाइंटी-नाइन्थ स्ट्रीटची शाळा भरू लागली. पुढे मंडळाने उरलेली जमीन घरबांधणीसाठी विकायचे मनात आणले, तेव्हा १९५७ मध्ये हूकरच्या वकिलाने मंडळाच्या सभेत उभे राहून सांगितले की या जागेवर तळघरे खोदण्याजोगी परिस्थिती नाही. कंपनीला त्यात स्वतःची कातडी वाचवायची होती हे उघड आहे. तरीही इशारा दिला गेला, आणि तो सभेच्या इतिवृत्तात राहिला. दरम्यान शहराने गटारांचे पाइप टाकताना कालव्याच्या चिकणमातीच्या भिंती ठिकठिकाणी फोडल्या. आजूबाजूच्या खाजगी जमिनींवर घरे उठू लागली. ती घेणाऱ्यांच्या खरेदीखतांत रसायनांबद्दल अवाक्षरही नव्हते, कारण त्यांच्या जमिनी हूकरच्या नव्हत्याच. त्या फक्त हूकरच्या खड्ड्याला लागून होत्या.

घरे घेणारे बहुतेक लोक शहरातल्या कारखान्यांतलेच कामगार होते. ते जेमतेम जमवलेल्या पैशांतून घर घेत होते. जवळच सरकारी भाड्याच्या घरांची वसाहत होती आणि तिथले भाडेकरू मुख्यतः कृष्णवर्णीय होते. पुढे सगळे लक्ष घरमालकांकडे वळले तेव्हा या भाडेकरूंची दाद घ्यायला कुणाला सवड नव्हती. त्यांच्या नावावर काहीच मालमत्ता नव्हती, त्यामुळे तोट्याचा हिशोब मांडणाऱ्यांना ते दिसतच नव्हते.

शाळेच्या मैदानात मुलांना कधी कधी विचित्र खडे सापडत. ते जमिनीवर जोरात आपटले की ठिणग्या उडून पेट घेत. मुलांनी त्यांना आगीचे दगड असे नाव दिले होते. ते फॉस्फरसचे तुकडे होते. मुले भाजून घरी येत, हातापायांवर चट्टे घेऊन येत. पावसाळी वर्षांत भूजल चढले की चिकणमातीचा तो सारा खड्डा भरलेल्या हौदासारखा काठोकाठ वाहू लागे आणि तळघरांच्या भिंतींतून काळपट, उग्र वासाचे चिकट द्रव्य झिरपे. तळघरातले पाणी उपसणारे पंप त्या द्रव्याने खराब होत. लोक नवे आणून बसवत. १९७६ मध्ये ‘नायगारा गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्राच्या दोन वार्ताहरांनी अशाच पंपांतल्या गाळाचे नमुने तपासून घेतले आणि त्यात हूकरची रसायने आढळली. पुढे त्याच वृत्तपत्राचा मायकल ब्राउन याने विषय लावून धरला. पहिली खरी तपासणी सरकारने नव्हे, एका गावच्या वर्तमानपत्राने केली, हे पत्रकारितेत असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

लॉइस गिब्ज ही त्याच वस्तीतली तरुण आई. तिचा मुलगा या शाळेत जाऊ लागला आणि त्याला फिट्स येऊ लागल्या. बातम्या वाचल्यावर तिने मुलाला दुसऱ्या शाळेत घालण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. मग तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. प्रत्येक घरात कुणाला तरी काहीतरी झालेले होते. गर्भपात, व्यंग असलेली बाळे, दमा, मूत्रपिंडाचे विकार. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ तिच्या मदतीला आल्या. दोघींनी आजारांच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा दिसले की रोगट घरे कालव्याच्या काठालाच लागून आहेत असे नाही; पूर्वी जिथून ओहोळ वाहत आणि पुढे जे बुजवले गेले, त्या जुन्या ओल्या वाटांवरची घरे जास्त आजारी होती. सरकारी तज्ज्ञांनी हे गृहिणींचे बिनकामाचे आकडे म्हणून बाजूला सारले. प्रदूषण कुठून कुठे जाईल हे समजायला आधी जमीन कशी होती, पाणी कुठून वाहत होते, हे विचारावे लागते. ती पद्धत त्या दोघींना सापडली होती.

२ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी शाळा बंद केली आणि गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालील मुलांनी कालव्यालगतची घरे सोडावीत असे सांगितले. पाच दिवसांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. आधी कालव्यालगतच्या दोन रांगांतली २३९ कुटुंबे हलवली. उरलेल्यांनी आणखी दोन वर्षे लढा दिला. मे १९८० मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने ३६ रहिवाशांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यातल्या ११ जणांच्या गुणसूत्रांत बिघाड असल्याचा दावा होता. तुलनेसाठी बाहेरची माणसे तपासलेली नसल्याने त्या अभ्यासावर शास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली आणि ती रास्त होती. पण ज्यांची मुले त्या घरांत झोपत होती त्यांना संख्याशास्त्राची सबब कुठून पटणार? दोन दिवसांत रहिवाशांनी संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास घरात कोंडून ठेवले. २१ मे रोजी दुसरी आणीबाणी जाहीर झाली आणि आणखी शेकडो कुटुंबांना बाहेर पडण्याची वाट मिळाली.

निवडणूक हरलेल्या कार्टर यांनी ११ डिसेंबर १९८० रोजी जो कायदा सही करून मागे ठेवला, तो सुपरफंड या नावाने ओळखला जातो. रसायन आणि तेल कंपन्यांवर कर लावून पाच वर्षांत १.६ अब्ज डॉलरचा निधी उभारायचा आणि त्यातून बेवारस विषारी जागा साफ करायच्या, हा त्याचा एक भाग. खरी धार दुसऱ्या भागाला होती. दूषित जागा साफ करण्याचा खर्च कुणाकडून वसूल करायचा? ज्याने कचरा टाकला त्याच्याकडून, ज्याने वाहून आणला त्याच्याकडून, आणि आज ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याकडूनही. हेतू वाईट होता की नाही, निष्काळजीपणा झाला की नाही, हा प्रश्नच नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कचऱ्यालाही हा नियम लागू. आणि अनेक जबाबदारांपैकी एकच सापडला तरी सगळा खर्च त्याच्या गळ्यात पडू शकतो.

हे कलम किती खोलवर जाते हे पहिल्या काही वर्षांत कुणाच्या लक्षात आले नाही. लाँग आयलंडवर ग्लेनवूड लँडिंग नावाचे गाव आहे. तिथे १९८३ मध्ये एका बिल्डरने शोर रिअल्टी नावाची कंपनी काढून सव्वातीन एकराची एक किनाऱ्याची जागा घेतली. त्याला फ्लॅट बांधायचे होते. जागेवर जुन्या टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे सात लाख गॅलन घातक रसायने होती. शिवाय गोदामात पिंपे. करार करताना त्याने पर्यावरणीय पाहणीची अट घालून घेतली आणि तज्ज्ञ संस्थेकडून अहवालही मागवला. अहवालात टाक्या, पाइप, गोदाम यांची वर्षानुवर्षे निगा राखलेली नाही असे लिहिले होते आणि साफसफाईचा खर्च साडेसहा लाख ते दहा लाख डॉलरच्या वर जाईल असा अंदाज दिला होता. आपल्यावर जबाबदारी येऊ नये म्हणून त्याने राज्याकडे सूट मागितली. राज्याने नकार दिला. तरी त्याने जागा नावावर करून घेतली. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला : रसायने कुणी आणली याच्याशी कर्तव्य नाही, आज मालक तुम्ही आहात, खर्च तुमचा. त्याने आधी केलेली तपासणी त्याच्याच विरोधात पुरावा ठरली, कारण सगळे ठाऊक असून त्याने जागा घेतली होती.

बिल्डर लोकांनी हा निकाल वाचला असेल; बँकांनी मात्र पुढचा निकाल शब्दन् शब्द वाचला. मेरीलँडमधल्या एका बँकेने एका शेतजमिनीवर कर्ज दिले होते. कर्ज बुडाले, बँकेने १९८२ मध्ये लिलावात ती जमीन स्वतःच घेतली. जमिनीत विषारी पिंपे निघाली. केंद्रीय पर्यावरण संस्थेने ती साफ केली आणि साडेपाच लाख डॉलरचे बिल बँकेला पाठवले. मूळ कर्ज होते ३,३५,००० डॉलर. १९८६ मध्ये न्यायालयाने बँकेला मालक मानले. तारण म्हणून घेतलेली जमीन कर्जापेक्षा मोठा खड्डा खणू शकते, हे त्या दिवसापासून प्रत्येक कर्ज अधिकाऱ्याला कळले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. खरेदीच्या वेळी तुम्ही जमिनीच्या पूर्वीच्या मालकीची आणि वापराची योग्य ती सर्व चौकशी केली, आणि तरीही दूषितपणा कळण्याचे कारण नव्हते, तर तुम्ही निर्दोष मालक ठरू शकता. योग्य चौकशी म्हणजे नक्की काय, हे संसदेने सांगितले नाही. ते पुढची सात वर्षे वकील, बँका आणि अभियंते आपापल्या परीने ठरवत राहिले आणि १९९३ मध्ये एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने पहिले मानक प्रसिद्ध केले. त्यालाच फेज वन असे म्हणतात.

फेज वनमध्ये कुदळ चालत नाही, मातीचा एक कणही प्रयोगशाळेत जात नाही. तो सगळा कागदांचा, डोळ्यांचा आणि प्रश्नांचा मामला आहे. तपासनीस जागेवर चालत फिरतो : कुठे गवत उगवत नाही, कुठे काँक्रीटला डाग आहे, जमिनीतून वर आलेला हवानळीचा पाइप कुठल्या पुरलेल्या टाकीचा आहे. जुन्या कामगारांशी, शेजाऱ्यांशी, अग्निशमन दलाशी बोलतो. मालकीची साखळी, गावाच्या जुन्या निर्देशिका, हवाई छायाचित्रे पाहतो. आणि पाहतो सॅनबॉर्नचे नकाशे.

हे नकाशे हा या व्यवसायातला मला सर्वांत लोभस वाटणारा भाग आहे. सॅनबॉर्न नावाच्या भूमापकाने १८६७ मध्ये काढलेल्या कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार गावा-शहरांचे नकाशे केले, ते आगीच्या विमा कंपन्यांसाठी. पन्नास फुटांना एक इंच अशा मापाने प्रत्येक इमारत काढलेली. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. रंगारी कुठे बसतो, धुलाई कारखाना कुठे आहे, पेट्रोलची टाकी कुठे पुरली आहे, हे सगळे त्यावर. इमारत बदलली की नवा कागदाचा तुकडा जुन्यावर चिकटवत. विमा कंपनीला आग लागेल की नाही एवढेच हवे होते. पण आग लावणारी द्रव्येच बहुधा माती नासवणारी असतात. शंभर वर्षांनी हे नकाशे अशा कामाला आले ज्याची ते काढणाऱ्यांनी कल्पनाही केली नसेल. आजच्या लॉण्ड्रीच्या जागी नव्वद वर्षांपूर्वी काय होते हे सांगणारा दुसरा साक्षीदार सहसा मिळत नाही.

संशय पक्का झाला तर फेज टू. मग जमिनीत छिद्रे पाडतात, माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. २००२ मध्ये कायदा आणखी बदलला : जागा दूषित आहे हे ठाऊक असूनही, आधी रीतसर चौकशी करून आणि नंतर प्रदूषण पसरू नये याची काळजी घेऊन कुणी ती घेतली, तर त्यालाही संरक्षण मिळू लागले. नाहीतर शहरांमधल्या जुन्या कारखान्यांच्या जागांना कुणी हात लावायला तयार नव्हते आणि सगळे बांधकाम गावाबाहेरच्या शेतांवर चालले होते. २००५ मध्ये केंद्रीय संस्थेने चौकशीचे नियम स्वतः लिहून काढले. अहवाल वर्षापेक्षा जुना असेल तर तो पुन्हा करावा लागतो आणि मुख्य भाग १८० दिवसांतले असावे लागतात.

लव्ह कॅनॉलवर १९५० च्या दशकात असे कुणी फेज वन केले असते तर आठवडाभराचे काम होते. हूकरचे नाव मालकीच्या साखळीत होते, खरेदीखतात कलम होते, आधीच्या हवाई छायाचित्रांत तो लांबट खड्डा स्पष्ट दिसत होता, आणि ट्रकांतून पिंपे टाकताना पाहिलेली माणसे त्याच गल्लीत राहत होती.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे आणि ती सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे मला पटत नाही. अहवाल घेणाऱ्याच्या आणि बँकेच्या बचावासाठी लिहिला जातो. तो त्यांच्या मालकीचा असतो. शेजारी राहणाऱ्याला, भाडेकरूला तो सहसा दिसत नाही. लव्ह कॅनॉलची गटारे शेजारच्या जमिनींत गेली होती, आणि मार भोगला तो त्या शेजाऱ्यांनी.

लव्ह कॅनॉलवर पुढे जाड आच्छादन घातले, भोवती निचऱ्याची व्यवस्था केली, लगतची घरे पाडली. हूकरला १९६८ मध्ये विकत घेतलेल्या ऑक्सिडेंटल कंपनीने १९९४ मध्ये राज्याला ९ कोटी ८० लाख आणि १९९५ मध्ये केंद्राला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कंपनीचे ते एका डॉलरचे खरेदीखत तिला वाचवू शकले नाही. २००४ मध्ये जागा सुपरफंडच्या यादीतून वगळली.

आपल्याकडे हीच कथा भोपाळच्या कारखान्याच्या आवारात घडली, फक्त आपण तिच्याकडे १९८४ च्या वायुगळतीच्या रात्रीपलीकडे फारसे पाहिले नाही. कारखाना चालू असताना आवारात आणि लगतच्या तळ्यांत टाकलेला माल ही वायुगळतीपासून वेगळी गोष्ट आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९९० पासून त्या आवाराच्या मातीचा अनेकदा अभ्यास केला. १९९८ मध्ये कारखान्याच्या मालक कंपनीने भाडेपट्ट्याची ती जमीन मध्य प्रदेश सरकारला परत केली. माल तिथेच राहिला. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह नीरीने २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन असा दिला. जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला जाळायला नेलेला कचरा होता ३३७ टन. माती अजून तिथेच आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषित ठरली तर ज्याने दूषित केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा. सुपरफंडनंतर पंचेचाळीस वर्षांनी का होईना, हे झाले ते चांगले झाले. आता या याद्या खरोखर बनतात का आणि त्या लोकांना वाचायला मिळतात का, हे पाहायचे.

मुंबई-ठाण्यापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत कारखाने हलवून त्यांच्या जागी घरे होत आहेत. अशा ठिकाणी घर घेताना आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो, सातबारा आणि फेरफार पाहतो, आणि टायटल क्लिअर आहे म्हटले की निश्चिंत होतो. तो रिपोर्ट जमीन कुणाच्या नावावर होती ते सांगतो. त्या जमिनीवर काय बनत होते, टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठे जात होते, हे तो सांगत नाही. तेव्हा बुकिंगचा धनादेश फाडण्याआधी बिल्डरला विचारा : इथे आधी काय होते, माती आणि भूजल तपासले का, कुठल्या प्रयोगशाळेत तपासले? आणि अहवाल दाखवा म्हणा. तोंडी उत्तर घेऊ नका.